हॉर्न वाजवणाऱ्यावर हात उगारू नका



रस्ता अडला की मागून हॉर्न वाजतात, गाडीची काच खाली होते आणि शिवी येते. आपलाही माणूस उन्हात चालून चालून तापलेला असतो. त्याचा हात उठतो. अशा घडीला काय करायचे ते बैठकीतच ठरले पाहिजे. रस्त्यावर ठरवायला सवड नसते.

११ मार्च २०१८ चा रविवार आठवा. वनजमिनीच्या हक्कासाठी आणि कर्जमाफीसाठी नाशिकहून सहा तारखेला निघालेला किसान सभेचा लाँग मार्च मुलुंडला मुंबईत शिरला. हजारो माणसे, त्यांत आदिवासीच अधिक. कुणाच्या चपला तुटलेल्या, कुणाचे पाय फुटलेले. विक्रोळी, घाटकोपर करीत रात्री सोमय्या मैदानावर टेकले. सोमवारी दहावीचा पेपर होता. सकाळी मोर्चा निघता तर पोरे परीक्षेला पोचती ना. म्हणून पाठ टेकते न टेकते तोच मंडळी मध्यरात्रीनंतर उठली आणि पहाटे आझाद मैदानात जाऊन बसली. मुंबईकरांनी पाणी दिले, बिस्किटे दिली, चपला दिल्या. डबेवाल्यांनी जेवण आणले. त्याच सोमवारी सरकारला लेखी आश्वासन द्यावे लागले.

आदल्याच वर्षी, जून २०१७ च्या संपात, आपण दूध रस्त्यावर ओतले होते. कारण खरे होते, पण शहराला दिसले ते फक्त सांडलेले दूध.

आपल्यातलेच काही म्हणतात, कांदा जरा चढला की बोंब मारणाऱ्या शहराचे लाड कशाला? राग खोटा नाही. पण डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली ती दिल्लीने, घाटकोपरच्या रिक्षावाल्याने नव्हे. त्याचा दिवस बुडाला तर त्याचीही चूल अडते. शिवी देणाऱ्याला एकदा गाव विचारून पाहा. जुन्नर, पाटण नाहीतर संगमेश्वर निघेल.

समजूतदारपणाने मागण्या सुटतात, असे मात्र मी म्हणणार नाही. दिलेला शब्द अपुरा राहिला म्हणून २०१९ मध्ये आणि २०२३ मध्ये पुन्हा चालावे लागलेच. ते भांडण मंत्रालयाशी आहे, तिथे पाऊल मागे नको.

बैठकीत एवढे ठरवा. मोर्चाच्या शेपटाला, जिथे गाड्या तुंबतात, तिथे तापट पोरे ठेवू नका. वयस्क बाया ठेवा, पाण्याच्या कळशा घेऊन. त्यांना शिकवावे लागत नाही. शिवी आली की त्या आधी विचारतील, ‘दादा, कुठं पोचायचंय?’ दवाखान्यात म्हणाला तर त्याच वाट करून देतील.