हीथक्लिफचा रंग कुणी पुसला?

एमिली ब्राँटीच्या ‘वुदरिंग हाइट्स’ (१८४७) या कादंबरीतला हीथक्लिफ लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला सावळा, बेवारस पोरगा. त्याचे मूळ लेखिकेने गूढच ठेवले. शेजारच्या श्रीमंत लिंटनना तो ‘लास्कर’, म्हणजे जहाजावरचा आशियाई खलाशी वाटतो. अशा खलाशांत आपले कोकणी मुसलमानही असत.

२०११ च्या चित्रपटात अँड्रिया अर्नोल्ड यांनी ही भूमिका कृष्णवर्णीय जेम्स हॉसनला दिली. २०२६ मध्ये एमराल्ड फेनेल यांनी मात्र गोरा जेकब एलॉर्डी निवडला. दिग्दर्शकाला स्वातंत्र्य असते, मान्य. पण हीथक्लिफचा सूड अपमानातून पेटतो. ते कारणच काढले, तर उरते निव्वळ प्रेमप्रकरण.

नाव ऐकताच ज्यांना भाड्याचे घर नाकारले जाते, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मित्रांनो, आधी कादंबरी वाचा. मग चित्रपट पाहा आणि विचारा: तो सावळा पोरगा कुठे गेला?