कोयत्यावरच्या गरोदर बाईची नोंद कुठे?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ मध्ये जिल्ह्यातल्या सहा गावांत, बाळ पोटात येण्याआधीपासून बायकांचा अभ्यास सुरू केला. बाळं सरासरी २.७ किलोची निघाली; इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हडकुळी, पण अंगावरची चरबी मात्र टिकून. पालेभाज्या, फळं, दूध पोटात गेलेल्या आयांची बाळं जरा भरलेली.

मग बारामती-इंदापूरच्या उसाच्या फडांवर राबणाऱ्या गरोदर बायकांचं काय?

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांची धुराडी पेटली की मराठवाड्यातून ऊसतोड जोडपी येतात. पोटुशी बाईही डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. तिचं नाव मात्र गावाकडच्या अंगणवाडीत.

कारखान्यांनी हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात गरोदर बायकांची यादी उपकेंद्राला द्यावी. पोषण आहार आणि तपासणी बाईच्या कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर पोचली पाहिजे. त्यासाठी तिचा दिवसाचा रोज बुडता कामा नये.