मुलाच्या वहीतल्या चौदा सूचना

नारायणगावच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. चांगलं चार पानी आहे, त्यातला मुद्द्याचा भाग तेवढा देते.

"ताई, माझा मुलगा आठवीत आहे. आमचं घर गावाच्या कडेला, मागे ऊस. पुतण्याचा जुना लॅपटॉप घरात आला तेव्हापासून मुलाला झोंबीच्या गेमचं वेड लागलं आहे. मेलेली माणसं चालत येतात आणि चावतात, असला तो गेम. परवा त्याच्या भूगोलाच्या वहीत मागच्या पानांवर 'गेममध्ये काय पाहिजे' असं लिहून चौदा मुद्दे काढलेले सापडले. हे म्हणे गेमच्या कंपनीला पाठवायचे आहेत! आमचे हे वही फाडायलाच निघाले होते, मी मध्ये पडले. त्याच्या डोक्यावर परिणाम तर होणार नाही ना? हल्ली अंधार पडल्यावर तो गोठ्याकडेसुद्धा जात नाही. काय करावं?"

पत्रासोबत त्यांनी ते चौदा मुद्देही उतरवून पाठवले आहेत, हे फार चांगलं केलं. मी ते दोनदा वाचले. वही फाडू नका, हे सगळ्यात आधी सांगते. का ते पुढे कळेल.

आधी हा खेळ काय आहे ते समजून घेऊ. 'झोंबी' म्हटलं की आपल्याला आनंद यादवांचं पुस्तक आठवतं. पण मुलांची झोंबी वेगळी. २०२२ साली 'झोंबिवली' हा मराठी सिनेमा आला होता, त्यातली तीच ही चालती प्रेतं. पत्रातल्या खेळाचं नाव 'प्रोजेक्ट झॉमबॉइड'. तो 'द इंडी स्टोन' नावाच्या ब्रिटिश मंडळींनी केला आहे. यात जिंकणं असं नाहीच. किती दिवस तगलो, एवढाच हिशेब. आणि तगायचं कसं, तर पाणी भरून ठेवा, खिडक्यांना पडदे लावा, शिधा साठवा, जखम धुऊन बांधा. काही दिवसांनी वीज जाते, फ्रीज बंद पडतो आणि आतलं सगळं नासतं. मैत्रिणींनो, हा तर आपलाच संसार झाला! फरक एवढाच, की आपल्या दारात झोंबी येत नाहीत, पाहुणे येतात.

आता कंपनीला सूचना पाठवण्याचं. हा पोरखेळ नाही बरं का. शिंपी जसा कच्च्या टाक्यांवर ब्लाऊज अंगाला लावून बघतो आणि मग पक्की शिलाई घालतो, तसं हल्ली पुष्कळ खेळांचं असतं. हा खेळ २०१३ पासून 'स्टीम' या दुकानात अपुऱ्या अवस्थेतच विकला जाऊ लागला. खेळणारे सांगत गेले, करणारे सुधारत गेले. खेळात गुरंढोरं असावीत, ही खेळणाऱ्यांची जुनी मागणी. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या चाचणीच्या आवृत्तीत गाई, मेंढ्या, कोंबड्या आल्या. एवढ्या लांब तरी कशाला? पुण्याच्याच 'सुपरगेमिंग' कंपनीने 'इंडस' नावाचा लढाईचा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आणला, त्याआधी तो खेळाडूंना चाचणीसाठी खेळायला दिला होता. तेव्हा वापरणाऱ्याने सूचना करणं हे आज या धंद्याचं अंगच आहे.

आता वहीतल्या काही सूचना बघा. भाषा मुलाचीच ठेवली आहे.

"२. गेममध्ये ऊस पाहिजे. आत कोण आहे ते दिसू नये."

"३. कुत्रं पाहिजे. झोंबी यायच्या आधी ते भुंकलं पाहिजे."

"५. खाली वाकलं की झोंबी मागून यावा."

"८. लाइट रात्रीची यावी आणि मोटर चालू करायला एकट्याने जावं लागावं."

"११. पिंजरा लावून झोंबी पकडून लांबच्या गावाला सोडता यावेत."

"१४. घरात दुसरं माणूस पाहिजे."

वाचलंत? यात झोंबी किती आणि बिबट्या किती, ते तुम्हीच सांगा. जुन्नर-आंबेगावच्या भगिनींना मी वेगळं सांगायला नको. इतरांसाठी सांगते. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, माणिकडोह, येडगाव, वडज, इकडे आंबेगावात डिंभे. पाणी आलं, पाठोपाठ ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. दाट, गार, जवळ पाणी, आणि वस्तीवर कुत्री-शेळ्या आयत्या. बिबट्याची मादी त्यातच पिलं घालते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात सुमारे तीन आठवड्यांत तीन बळी गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. मंचरला लोक पुणे-नाशिक रस्त्यावर उतरले. पिंपरखेडच्या शेतात बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून कामाला जाऊ लागल्या.

हे सगळं तुमच्या मुलाने ऐकलं आहे. मोठी माणसं ओट्यावर बोलतात तेव्हा पोरं अभ्यास करत नसतात, कान देऊन ऐकत असतात. 'मला भीती वाटते' असं तेरा वर्षांचा मुलगा तोंडाने म्हणणार नाही, मिशी फुटायची वेळ आलेली असते ना! म्हणून त्याने ते गेमच्या नावावर लिहिलं. गेममुळे तो गोठ्याकडे जायला घाबरतो असं तुम्हाला वाटतं. मला उलटं वाटतं. भीती आधीची आहे, गेममध्ये तिला फक्त तोंड फुटलं.

तेव्हा जेवणं झाल्यावर त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "ही पाच नंबरची सूचना कशावरून सुचली रे?" रागावू नका, हसू तर मुळीच नका. तो बोलेल.

मात्र एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, म्हणून सावकाश वाचा. गेममधले नियम आणि शेतातले नियम काही ठिकाणी नेमके उलटे आहेत. गेममध्ये आवाज केला की झोंबी गोळा होतात, म्हणून चोरपावलांनी चालायचं. शेतात चोरपावलांनी गेलात तर बिबट्याला तुमची चाहूलच लागत नाही आणि दोघं अचानक समोरासमोर येता. तिथे बोलत जावं, मोबाइलवर गाणी लावावीत, काठी आपटावी. गेममध्ये एकटं फिरणं चालतं, इथे चालत नाही. गेममध्ये झोंबी दिसला की मारायचा. इथे बिबट्या दिसला तर दगड मारायचा नाही, पाठ दाखवून पळायचं नाही, त्याला निघून जायला वाट ठेवून हळूहळू मागे सरकायचं. त्याच्यामागे घोळका करून धावणं तर सगळ्यात धोक्याचं. हा फरक त्याला तुम्हीच समजावला पाहिजे.

पाचवी सूचना मात्र त्याने अगदी बरोबर टिपली आहे. बिबट्या उभ्या माणसाला बहुतेक वेळा टाळतो. वाकलेलं, बसलेलं माणूस किंवा लहान मूल त्याला लहान जनावरासारखं वाटू शकतं. म्हणून अंधारात उघड्यावर शौचाला बसू नये, तिन्हीसांजेला गवत कापत, भांडी घासत अंगणाच्या टोकाला बसू नये. लहान मुलांना चालताना मोठ्यांच्या मध्ये घ्यावं. गोठ्याला दार आणि जाळी हवी. उष्टं-खरकटं घराजवळ टाकू नये, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. उसात पिलं दिसली तर हात लावू नये, वनखात्याला कळवावं. त्यांचा १९२६ हा नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

अकराव्या सूचनेचं उत्तर तर आपल्या तालुक्यानेच दिलेलं आहे. २००१ ते २००३ च्या सुमारास जुन्नर भागातले कितीतरी बिबटे पकडून दुसऱ्या रानांत सोडले होते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. सोडलेल्या जागेच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले, असं त्यांना आढळलं. नवख्या मुलखात आणून टाकलेलं जनावर बिथरतं. मुलाला हे जरूर सांगा. एक सूचना अमलात आणली की दुसरीकडे काय होतं, हा विचार करायची सवय त्याला लागेल. गेमला सूचना करतानाही ती उपयोगी पडेल.

आता ती वही कंपनीला पाठवायची तर कशी? नवऱ्याने "भाजी बिघडली" म्हटलं तर आपल्याला काय कळतं? काही नाही. "मीठ जास्त झालं, बटाटा घाल" म्हटलं तर कळतं. तसंच इथे. "गेम बोअर आहे" ही सूचना नव्हे. एका वेळी एकच सूचना लिहावी. काय होतं, कुठे होतं, त्याऐवजी काय व्हावं आणि त्याने खेळात काय सुधारेल, अशा चार ओळी पुरेत. गेमची कुठली आवृत्ती आहे ते लिहावं. भाषा अदबीची ठेवावी. इंग्रजी शाळेतल्या बाईंना दाखवून घ्यावं. अभ्यास बुडतो म्हणता ना, हा निबंधच झाला की! फक्त त्यात घरचा पत्ता, शाळेचं नाव, फोन नंबर लिहू देऊ नका आणि बँकेचं कार्ड त्याच्या हाती देऊ नका.

आणि पंधरावी सूचना तुम्ही घाला. त्या खेळात भाज्या टिकवायला व्हिनेगर घालून बरणीत भरतात. तुम्ही त्याला विचारा, सांडगे, कुरडया, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा त्यांना ठाऊक आहेत का? डाळीला एरंडेल चोळतात, गव्हात कडुनिंबाचा पाला घालतात, हे त्यांना सांगितलं तर? वीज गेल्यावर कसं जगायचं हे आपल्या सासवांना त्या खेळ करणाऱ्यांपेक्षा जास्त कळत होतं. मुलगा तोंडात बोट घालील बघा.

शिस्तीचंही सांगते, नाहीतर म्हणाल ताईंनी मोकळं रान दिलं. हा खेळ रक्ताचा आहे, मोठ्यांसाठी केलेला आहे. आठवीतल्या मुलाने तो दार लावून, कानाला हेडफोन लावून खेळू नये. लॅपटॉप बैठकीच्या खोलीत ठेवा. दिवसा तासभर, रात्रीच्या जेवणानंतर बंद. रात्री दचकून उठू लागला, खाणं कमी झालं, शाळा टाळू लागला, तर खेळ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. यजमानांना म्हणावं, तासभर त्याच्या शेजारी बसून बघा आणि मग काय ते बोला.

शहरातल्या भगिनींनी, आमच्याकडे कुठला बिबट्या, असं म्हणून पान उलटू नये. तुमच्या मुलाचा बिबट्या दुसरा असेल. वर्गातला दांडगट मुलगा असेल, बोर्डाची परीक्षा असेल, घरातली रोजची भांडणं असतील. "तुझ्या खेळात तू काय बदलशील?" हा साधा प्रश्न विचारून बघा. "तुला काय होतंय?" या प्रश्नाला जी मुलं खांदे उडवतात, ती या प्रश्नाला अर्धा तास बोलतात.

राहता राहिली चौदावी सूचना. घरात दुसरं माणूस पाहिजे. ही मागणी त्याच्या एकट्याची नाही. या खेळात जिवंत माणसं हवीत, असं खेळणारे कितीतरी वर्षं म्हणत आले आहेत. कंपनी देईल तेव्हा देईल. तुम्ही मात्र आजपासून संध्याकाळी गोठ्याकडे त्याच्याबरोबर जा. बॅटरी त्याच्या हातात द्या, आणि दोघं मोठ्याने बोलत जा.

आणखी एक कोरी वही त्याला द्या. तिच्यावर लिहू दे, 'आपल्या वस्तीत काय पाहिजे'. रस्त्याच्या वळणावर दिवा, शाळेला जाताना मुलांची टोळी, गोठ्याला जाळी, मोटरीला दिवसाची वीज. त्यातल्या घरच्या गोष्टी तुम्ही दोघांनी करा आणि बाकीच्या येत्या ग्रामसभेत त्याच्या बाबांनी वाचून दाखवाव्यात.