सूज दिसायला सारखी, इंजेक्शन वेगळं



जनावर सुजलं की आपण डॉक्टरांना म्हणतो, "मागच्या वेळचंच द्या, तासाभरात गुण आला होता." माझं स्पष्ट मत आहे, ही मागणी आपण सोडून द्यावी. तो झटपट गुण बऱ्याचदा स्टेरॉइडचा असतो, आणि स्टेरॉइड प्रत्येक सुजेला चालत नाही.

गांधीलमाशी चावली किंवा औषधाची रिअ‍ॅक्शन आली, पापण्या-तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, तर ती अ‍ॅलर्जी. इथं मारायला जंतू नसतोच, शरीरच उगाच चवताळतं. त्याला आवरायला अ‍ॅव्हिल, डेक्सामेथासोन ही औषधं कामाची. श्वास अडत असेल तर एक मिनिटही घालवू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा.

कासदाहात मात्र सडात खरोखर जंतू असतात. तिथं साधारणपणे मेलॉक्झिकॅम बरं. ताप, ठणका, सूज उतरते आणि स्टेरॉइडसारखी प्रतिकारशक्ती दबत नाही. जंतूंसाठी अँटिबायोटिक लागलं तर ते वेगळं.

लम्पीचं तर विचारूच नका. त्या विषाणूला मारणारं औषध नाही, जनावराची प्रतिकारशक्तीच लढते. स्टेरॉइड टोचलं की ताप उतरतो, गाय वैरणीला तोंड लावते, आपण खूश. आत विषाणूला रान मोकळं! दोन दिवसांनी तीच गाय बसली की मग नशिबाला बोल लावतो.

गाय-म्हैस गाभण असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आधी सांगा. शेवटच्या तीन महिन्यांत स्टेरॉइडने ती गाभडू शकते. दुभत्या जनावराचं दूधही काही दिवस घटतं. स्टेरॉइड आणि मेलॉक्झिकॅम एकदम देण्याचा आग्रह तर नकोच, पोटात अल्सर होतात.

आणि मेडिकलमधून माणसांचं डायक्लोफेनॅक आणून टोचू नका. जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची किडनी जाते. केटोप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅकवरही 2023 मध्ये बंदी आली. मेलॉक्झिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे.

इंजेक्शन दिल्यावर रिकाम्या बाटलीचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर आले तर आधी काय दिलंय ते त्यांना दाखवता येईल. दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, तेही तेव्हाच विचारून घ्या.