रोलिंग मिल टाकताय? आधी कूलिंग बेडचं बोला!

जालन्यातल्या सळईच्या मिल्स बघून अनेकांना वाटतं, फर्नेस आणि रोल स्टँड घेतले की धंदा सुरू. माझं मत वेगळं आहे. बिलेट साधारण 1100 ते 1200 अंश सेल्सिअसला तापवतात. शेवटच्या स्टँडमधून निघणारी सळईही लालभडक आणि मऊच असते. ती चिमट्याने ओढून कशीही टाकली, तर वाकते. उसळली, तर तापलेलं वेटोळं थेट कामगाराच्या अंगावर येतं. कूलिंग बेडवर तीच सळई एकेक खाच पुढे सरकते, सरळ राहते, सारखी थंड होते. वाकडी सळई म्हणजे सरळ करण्याची जादा मजुरी, नाहीतर भंगाराचा भाव. म्हणून कोटेशन मागताना पहिला प्रश्न विचारा: गरम सळई माणूस उचलणार की मशीन? उत्तर ‘माणूस’ असेल, तर तुमचं बजेट अजून अपुरं आहे!