गुडघाभर पाण्यासाठी कॅमेरा

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की पनवेलच्या आसपासचे ओढे, शेतं आणि खाडी एका रात्रीत जोडली जातात. खाडीतल्या चिवण्या गोड्या पाण्याकडे सरकतात, नदीतले मासे अंडी घालायला थेट भाताच्या खाचरांपर्यंत चढतात. ही वलगण दोन-चार दिवसांत ओसरते, आणि तिची नोंद बहुतेक वेळा फक्त कालवणाच्या आठवणीत उरते. यंदा ती नीट नोंदवायची, असं काही निसर्गमंडळांनी आणि शिक्षकांनी ठरवलं आहे. त्यांची आमच्याकडे एकच विचारणा आहे: काठावरही चालेल आणि पाण्यातही उतरेल, असा परवडणारा कॅमेरा कोणता?

दुकानात या प्रश्नाचं उत्तर मीटरमध्ये मिळतं. हा १५ मीटर जातो, तो ३० मीटर. आमचं सांगणं असं, की खोलीचा आकडा सर्वांत शेवटी बघावा. गाढी नदीत, माथेरानच्या पायथ्याच्या ओढ्यांत किंवा पनवेल खाडीच्या खाजणात आपण काम करतो ते गुडघाभर पाण्यात, फार तर कमरेएवढ्या. तारकर्लीला नवख्या हौशींना समुद्रात उतरवतात, तेही साधारण १० मीटरच्या आतच. आपली खरी अडचण गढूळपणाची आहे. पावसाळ्यात पाण्यात माती असते, आणि कॅमेरा नि मासा यांच्यात जितकं पाणी जास्त तितकं चित्र धूसर. त्यावर उपाय एकच, जवळ जाणं. म्हणून भिंगापासून किती सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते, हा आकडा आधी विचारा.

या कसोटीवर बाजारातले पर्याय आपोआप वेगळे होतात. ओएम सिस्टीमचा टीजी-७ हा २०२३ मध्ये आलेला कॅमेरा १५ मीटरपर्यंत चालतो आणि भिंगापासून १ सेंटिमीटरवरच्या वस्तूचाही स्पष्ट फोटो काढतो. त्याचं भिंग एफ/२ इतकं उघडतं, त्यामुळे ढगाळ दिवसातही हाती काही लागतं. तो रॉ फाइल देतो, म्हणजे हिरवट-पिवळ्या पाण्याने बिघडलेला रंग नंतर सुधारता येतो. ऑलिंपस नावाने निघालेले टीजी-५ आणि टीजी-६ याच घराण्यातले. ते वापरलेल्या स्थितीत मिळाले आणि झडपा धड असतील तर मंडळाच्या खिशाला अधिक झेपतील. पेंटॅक्स डब्ल्यूजी-९० हा १४ मीटरचा. त्याच्या भिंगाभोवती सहा छोटे एलईडी दिवे असतात. दगडाखालचा मुठा किंवा बेडकाची पिल्लं अगदी जवळून टिपताना ते उपयोगी पडतात.

ॲक्शन कॅमेरे स्वस्त पडतात आणि चलच्चित्र उत्तम घेतात. पण त्यांतल्या बहुतेकांचा फोकस ठरलेला असतो. वीतभर अंतरावरचा मासा त्यांत अस्पष्ट येतो आणि खवल्यांची रांग मोजता येत नाही. मोबाइलच्या आयपी६८ या शिक्क्यावर तर विसंबूच नका. ती चाचणी स्थिर, गोड्या पाण्यातली असते. खाडीचं खारं पाणी त्यात धरलेलं नसतं, आणि पाण्याने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीतही बसत नाही. शिवाय पाण्याखाली टचस्क्रीन बोटाला दाद देत नाही.

एक मर्यादाही सांगायला हवी. हे कॅमेरे पक्ष्यांसाठी नाहीत. टीजी-७ची झेप १०० मिमीपर्यंतच आहे, त्यामुळे कर्नाळ्याच्या झाडीतला पक्षी त्यात ठिपक्याएवढाच दिसेल. काठावर त्याचं काम म्हणजे फुलं, किडे, पाऊलखुणा, शेवाळ, आणि भर पावसात वहीच्या पानाचा फोटो. तेवढं केलं तरी त्याने जमिनीवरची बाजू सांभाळली, असं आम्ही मानतो.

वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, म्हणून सपाट काचेमागचं भिंग पाण्यात कमी रुंद पाहतं आणि वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी भासते. भिंग सर्वांत रुंद स्थितीत ठेवा आणि माशाच्या लांबीचा अंदाज फोटोवरून बांधू नका, शेजारी मोजपट्टी ठेवा. दुसरं, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करा. तो मधल्या मातीच्या कणांवर आदळतो आणि चित्रभर पांढरे ठिपके उमटतात. प्रकाश हवाच असेल तर विजेरी बाजूने धरा.

निगा हा खरा खर्च आहे, आणि तो पैशांचा नाही, सवयीचा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याच हातून एक कॅमेरा गेला. काठावर घाईत बॅटरी बदलली, झडपेच्या रबरी कडीवर वाळूचा एक कण राहिला आणि दोन मिनिटांत भिंगाच्या आत थेंब दिसले. त्याची क्षमता १५ मीटरची होती. तो बुडाला पोटरीभर पाण्यात. तेव्हापासून आमचा नियम असा: झडप घरीच उघडायची, कोरड्या हातांनी, कडी उजेडात तपासून. खाडीतून आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात भिजत ठेवायचा. कडी वर्षातून एकदा बदलून घ्यायची.

आणि माणसाची निगा त्याआधी. खारघरचा पांडवकडा धबधबा पावसाळ्यात बंद का ठेवावा लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. वाहत्या पाण्यात उतरू नका. बांबूच्या काठीला कॅमेरा घट्ट बांधा आणि काठावर बसून तो पाण्यात सोडा, चलच्चित्र घ्या, चौकट नंतर निवडा. वलगणीच्या माशांच्या वाटेत पाय न पडणं हेही त्यातच साधतं.

हा खटाटोप कशासाठी? १८३९ मध्ये साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं, तेव्हा दगडाला चिकटून राहणाऱ्या आपल्या मळ्याचं मराठी नावच शास्त्रीय नावात घेतलं. गारा मुल्या म्हणून तो आजही जगभर ओळखला जातो. नाव आपल्या बोलीतलं आहे. पण तो आज आपल्या कोणत्या ओढ्यात उरला आहे आणि कोणत्या ओढ्यातून गेला, हे सांगणारी तारीखवार चित्रं आपल्याकडे किती आहेत? ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या निळ्या पडलेल्या कुत्र्यांचे फोटो छापून आले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला एक कारखाना बंद करायला लावावा लागला. त्याच वसाहतीजवळून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाबद्दलच्या तक्रारी त्याआधीही होत्याच. पण कुत्रा रस्त्यावर दिसतो. पाण्याखाली जे मरतं ते कुणाला दिसत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

तेव्हा प्रत्येकाने कॅमेरा घेऊ नये, मंडळाने वर्गणी काढून एक घ्यावा. त्याच्यासोबत एक वही ठेवावी: तारीख, ओढ्याचं नाव, पाण्याची खोली, गावातल्या जुन्या जाणत्यांनी सांगितलेलं माशाचं नाव. वर्षभर, महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच दगडापाशी. चांगल्या फोटोंची वाट बघू नका. गढूळ, तिरपा, अर्धा मासा दिसणारा फोटोही आमच्याकडे पाठवा. पुढच्या मृगात आपण सगळे ते शेजारी शेजारी ठेवून बघू.