विश्लेषण : नोबेलप्राप्त ‘एमओएफ’ पदार्थ उत्प्रेरक म्हणून किती टिकतील?

सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल ‘धातू-सेंद्रिय चौकटीं’च्या (एमओएफ) संशोधनासाठी मिळाले. मात्र कारखान्यात उत्प्रेरक म्हणून वापरायचे, तर या चौकटी टिकायला हव्यात.

एमओएफ म्हणजे काय?

धातूचे अणू किंवा त्यांचे पुंजके म्हणजे सांधे, कार्बनी रेणू म्हणजे त्यांना जोडणाऱ्या दांड्या. या जोडणीतून असंख्य पोकळ्या असलेला स्फटिक तयार होतो. काही ग्रॅम पदार्थात फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग मावतो. अभिक्रिया पृष्ठभागावर घडत असल्याने उत्प्रेरकासाठी ही मोठी जमेची बाजू.

अडचण कुठे आली?

याघी यांनी १९९९ मध्ये मांडलेला जस्ताचा ‘एमओएफ-५’ उष्णता सोसतो, पण दमट हवेत ढासळतो. पाण्याचे रेणू जस्त आणि दांडीतील बंध तोडतात. अनेक अभिक्रियांत पाणी असतेच. त्यामुळे असा पदार्थ प्रयोगशाळेबाहेर फारसा उपयोगी नव्हता.

झिर्कोनियममुळे काय बदलले?

ऑस्लो विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये ‘यूआयओ-६६’ तयार केला. त्यात दांडी एमओएफ-५ मधलीच. प्लास्टिकच्या बाटल्यांसाठी लागणाऱ्या टेरेफ्थॅलिक आम्लाची. बदलला तो धातू. झिर्कोनियमचा ऑक्सिजनशी बंध अधिक घट्ट असतो आणि प्रत्येक पुंजक्याला १२ दांड्या जोडलेल्या असतात. त्यामुळे तो पाण्यात आणि सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो.

मग प्रश्न सुटला का?

पूर्णपणे नाही. सर्व १२ जागा भरल्या, तर अभिक्रियेतील रेणूंना धातूपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून काही दांड्या मुद्दाम गाळून जागा मोकळ्या ठेवतात. त्या जास्त गाळल्या, की चौकट कमकुवत होते. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या ‘एनयू-१०००’ मध्ये पुंजक्याला आठच दांड्या आहेत. तो सोमनसारख्या रासायनिक अस्त्रातील विषाचे काही मिनिटांत विघटन करतो. पण या चाचण्या अल्कधर्मी द्रावणात झाल्या. सैनिकाच्या मुखवट्यात असे द्रावण नसते.

उद्योगांत वापर कधी?

तेलशुद्धीकरणात झिओलाइट उत्प्रेरकांवर साचलेला कार्बन सुमारे ७०० अंशांना जाळून ते पुन्हा वापरतात. तेथे एमओएफचा निभाव लागणे कठीण. कमी तापमानाच्या, नेमक्या अभिक्रियांत मात्र त्यांना संधी आहे. किती वेगाने काम होते यापेक्षा शेकडो फेऱ्यांनंतर चौकट शाबूत राहते का, यावरच त्यांचे भवितव्य ठरेल.